आधी भारतीय की आधी खान्देशी?

९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारात पोरांची मिरवणूक निघाली, तेव्हा 'भारत छोडो'चा ठराव होऊन महिना उलटला होता. पुढे शिरीषकुमार मेहता, वय वर्षे पंधरा. हातात तिरंगा आणि तोंडी घोषणा, 'नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमी भारतनुं'. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमारबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम दास हेही गेले.

घोषणा गुजराती आहे. गाव तेव्हाच्या मुंबई प्रांतातल्या पश्चिम खान्देशाचं, बाजारात गुजराती आणि अहिराणी, आजूबाजूच्या पाड्यांवर भिल्ल आणि मावची वस्ती. गेलेल्यांच्या आडनावांतही शहा, वाणी आणि केतकर एका रांगेत. आता या पोरांपुढे कुणी वही-पेन घेऊन उभा राहिला असता आणि विचारलं असतं, 'तुम्ही आधी भारतीय की आधी गुजराती?', तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण नेमका हाच प्रश्न गेली कित्येक दशकं समाजशास्त्रज्ञ लोकांना विचारत आलेत. कधी चुकीचा विचारला, मग सुधारून विचारला, आणि त्या सुधारण्यातून बरंच काही हाती लागलं. ते काय, हे खान्देशच्याच अंगणात उभं राहून समजून घेऊ.

खान्देश यासाठी सोयीचा आहे, कारण इथं सगळाच मामला सरमिसळ आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार असे तीन जिल्हे. जळगावकडे लेवा पाटीदार आणि त्यांची गणबोली, धुळ्याकडे अहिराणी, तापीकाठी गुजर, सातपुड्यात पावरा, नवापुराकडे मावची-गावित, यावल-रावेर-चोपड्याच्या डोंगरपायथ्याशी तडवी, चाळीसगावकडे बंजारा तांडे, शहरांत मारवाडी, सिंधी, मोमीन. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार शंभरातले ६९ लोक अनुसूचित जमातींचे आहेत, तर शेजारच्या जळगावात १४. मोठ्या समाजाच्या पोटात राहून आपली बोली, देव, लग्नाच्या रीती सांभाळणाऱ्या अशा गटांना अभ्यासक उपसंस्कृती म्हणतात. 'उप' लावल्यानं कमीपणा येतो असं अनेकांना वाटतं, मलाही तो शब्द फारसा आवडत नाही, पण रूढ झालाय.

जुना समज असा होता की माणसाची निष्ठा म्हणजे एकच भाकरी. तिचा मोठा तुकडा जातीजमातीला किंवा प्रांताला गेला, की देशाच्या वाट्याला चतकोर उरणार. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात हा समज पक्का झाला. एक भाषा, एक संस्कृती, एक राष्ट्र. फ्रान्सनं तर शाळेत ब्रेटन किंवा ऑक्सिटान बोलणाऱ्या पोरांना शिक्षा करकरून फ्रेंच माणूस घडवला. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडेही हीच धास्ती होती. भाषावार राज्यं केली तर देशाचे तुकडे पडतील, म्हणून नेहरू आणि काँग्रेसचे बडे नेते सुरुवातीला ती मागणी लांबणीवर टाकत होते. पुढे १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाले. पश्चिम खान्देशातली काही गावं त्या वाटणीत गुजरातेत गेली. देश काही फुटला नाही. उलट त्याच १९५६ साली श्रीलंकेनं एकट्या सिंहलीला राजभाषा केलं आणि तमिळांना बाजूला सारलं. तिथं पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

भारत आणि श्रीलंका यांची ही तुलना आल्फ्रेड स्टेपन, हुआन लिंझ आणि योगेंद्र यादव या तीन अभ्यासकांनी नीट मांडली. त्यांचं म्हणणं असं, की राष्ट्र घडवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक फ्रान्सची. आधी सगळ्यांना एका साच्यात घाला, मग त्यांच्यावर राज्य करा. दुसरी भारत, बेल्जियम, कॅनडा, स्पेन अशा देशांची. साचा नाही, वेगवेगळेपणाला घटनेतच जागा द्यायची आणि तरीही सगळ्यांना 'हे राज्य आपलं' वाटेल असं काही उभं करायचं. पहिल्याला ते राष्ट्र-राज्य म्हणतात, दुसऱ्याला राज्य-राष्ट्र. शब्दांची फिरवाफिरव वाटेल, पण फरक मोठा आहे. दुसऱ्या तऱ्हेत पावरी बोलणाऱ्या आजीला भारतीय होण्यासाठी पावरी सोडावी लागत नाही. निदान कागदावर तरी.

आपल्याकडे हा विचार पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या एका मास्तरांनी 'आंतरभारती' या नावानं मांडला होता. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचं साहित्य वाचावं, असं साने गुरुजींना वाटे. हेच गुरुजी १९३६ च्या फैजपूर अधिवेशनासाठी, म्हणजे काँग्रेसच्या खेड्यात भरलेल्या पहिल्या अधिवेशनासाठी, गावोगाव हिंडले होते. असो, गुरुजींचं कौतुक करायला खान्देशी माणसाला निमित्त लागत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 'आधी कोण?' असं विचारलं की माणूस अडचणीत येतो. दोनांतलं एक निवड म्हटल्यावर दुसरं नाकारल्यासारखं होतं. लुइस मोरेनो या स्पॅनिश अभ्यासकानं १९८६ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये वेगळी रीत वापरली. त्यानं पाच पर्याय ठेवले. तुम्ही फक्त स्कॉटिश, ब्रिटिशपेक्षा जास्त स्कॉटिश, दोन्ही सारखेच, स्कॉटिशपेक्षा जास्त ब्रिटिश, की फक्त ब्रिटिश? बस, एवढंच. मधला 'दोन्ही सारखेच' हा पर्याय दिल्याबरोबर चित्र बदललं. जे लोक आधी नाइलाजानं एका बाजूला ढकलले जात होते, त्यांना आपली जागा सापडली. तेव्हापासून स्पेनमधल्या कॅटलान आणि बास्क प्रदेशांत, बेल्जियममध्ये हाच प्रश्न विचारला जातो. भारतातही 'लोकनीती' या संशोधन गटाच्या निवडणूक अभ्यासांत याच धर्तीचा प्रश्न राज्य आणि देश यांची जोडी लावून विचारलेला आहे.

प्रश्न साधा दिसतो, पण खान्देशात विचारायला जा म्हणजे कळेल. जोडी कुणाची लावायची? 'मराठी आणि भारतीय' म्हणावं, तर शिरपूरच्या वरच्या पाड्यावरचा पावरा म्हणेल, मराठी तर शाळेतली. 'खान्देशी आणि भारतीय' म्हणावं, तर खान्देशी हा शब्द गावात कुणी स्वतःसाठी वापरतच नाही. तो वापरायला सुरतेला जावं लागतं. सुरतेच्या उधना, लिंबायत भागात धुळे-नंदुरबार-जळगावकडची मंडळी मोठ्या संख्येनं आहेत. कुणी लूमवर, कुणी साडीच्या बाजारात, कुणी रिक्षावर. गावात असताना जो माणूस 'आम्ही अमुक पाटील', 'आम्ही अमुक गल्लीतले' असं सांगत होता, तो सुरतेच्या चाळीत खान्देशी होतो. 'काय भो, कोनता गावना?' हा प्रश्न ऐकू आला की परक्या शहरात त्याचा जीव भांड्यात पडतो, आणि मग समोरचा पारोळ्याचा की साक्रीचा याला फारसं महत्त्व उरत नाही. तोच माणूस दिल्लीला गेला की महाराष्ट्रीयन, आणि दुबईला गेला की इंडियन.

हे ढोंग नाही. ओळख ही समोर कोण उभा आहे त्यावर ठरते, हा या सगळ्या संशोधनातला सर्वांत भरवशाचा निष्कर्ष आहे. त्यामुळे सर्वेक्षण वाचताना पहिली चौकशी ही करावी, की प्रश्न कुठं विचारला आणि कुणी विचारला.

याचं ताजं उदाहरण अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राचं. त्यांनी नोव्हेंबर २०१९ ते मार्च २०२० या काळात भारतात २९,९९९ प्रौढांच्या समोरासमोर मुलाखती घेतल्या, १७ भाषांत, आणि २०२१ ला अहवाल काढला. खरा भारतीय असण्यासाठी सगळ्या धर्मांचा मान ठेवणं फार महत्त्वाचं आहे, असं ८४ टक्के लोक म्हणाले. भारतीय असल्याचा फार अभिमान वाटतो, असं सांगणारे मुसलमान ९५ टक्के होते. त्याच वेळी हिंदूंपैकी ६४ टक्क्यांना वाटत होतं, की खरा भारतीय असण्यासाठी हिंदू असणं फार महत्त्वाचं आहे, आणि ५९ टक्क्यांना वाटत होतं की हिंदी येणं फार महत्त्वाचं आहे.

हे आकडे एकमेकांशेजारी ठेवले की गंमत कळते. एकच माणूस 'सगळ्या धर्मांना मान' आणि 'पण खरा भारतीय हिंदूच' अशी दोन्ही उत्तरं देऊ शकतो, आणि त्याला त्यात विसंगती दिसत नाही. ९५ टक्क्यांचा आकडाही जपून वाचावा. घरी आलेल्या अनोळखी माणसानं कागद काढून 'तुम्हाला भारतीय असल्याचा अभिमान आहे का?' असं विचारलं, तर 'नाही' म्हणणारा किती निघेल? त्यातही ज्याच्या देशप्रेमावर कायम कुणी ना कुणी शंका घेतं, तो तर दोनदा 'हो' म्हणेल. म्हणजे आकडा खोटा आहे असं नाही. तो अभिमानाचाही आहे आणि परिस्थितीचाही, आणि दोन्ही वेगळे काढायला सर्वेक्षणाची चाळणी पुरत नाही.

त्यासाठी गावात जाऊन राहावं लागतं. मानवशास्त्रज्ञ तेच करतात. पश्चिम खान्देशातल्या भिल्लांचा अभ्यास मानवशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनीही केला होता. पण गावात राहण्याच्या रीतीतून आलेला एक विचार मला बाकी सगळ्यांपेक्षा उपयोगी वाटतो. तो नॉर्वेच्या फ्रेडरिक बार्थ यांचा, १९६९ सालचा. त्यांच्या आधी अभ्यासक काय करायचे, तर एखाद्या समाजाची यादी बनवायचे. यांचा पोशाख हा, अन्न हे, देव हे, गाणी ही. बार्थ म्हणाले, यादी सोडा. यादीतल्या वस्तू बदलत राहतात. गट टिकतो तो 'आपला' आणि 'परका' यांच्यामधल्या रेषेमुळे. ती रेषा कुठं आणि कशानं ओढली जाते, ते बघा.

खान्देशात हे लगेच पटतं. भरीत घ्या. बामणोदच्या वांग्यांचं भरीत, सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. लेवा खातो, गुजर खातो, मराठा खातो, तडवी खातो. शेवभाजीचंही तेच. ताटावरून माणूस ओळखायला गेलात तर फसाल. मग रेषा कुठं आहे? श्रावणात कानबाई या देवीचा सण असलेल्या घरी जा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला देवीचं रूप देतात, नथ, डोळे, दागिने, साडी. बऱ्याच घरांत रोटांसाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्यासाठी, गहू घेताना पुरुषमंडळींच्या नावानं मुठी मोजल्या जातात. सुरत-पुणे-मुंबईला गेलेले भाऊ हमखास परततात, कारण हे कुळाचं काम. रात्री गाणी, जागरण. त्याला गल्लीतलं कुणीही या. सोमवारी विसर्जनाच्या मिरवणुकीत तर अख्खं गाव नाचतं. पण रोट? तो बहुतेक घरांत भाऊबंदांपलीकडे जात नाही. जिवलग शेजाऱ्यालाही नाही. दर्शन सगळ्यांना, मिरवणूक सगळ्यांची, आणि रोट फक्त आपल्यांचा. बार्थ यांना जी रेषा दाखवायची होती ती ही. ती भांडणाची नाही, कुणी कुणाला हाकलत नाही, पण सगळ्यांना ती नेमकी ठाऊक आहे.

दुसरी रेषा लग्नाची, आणि तिच्यात कानबाईइतका गोडवा नाही. प्यूच्या त्याच पाहणीत आपल्या समाजाच्या बायकांना परधर्मात लग्न करण्यापासून थांबवणं फार महत्त्वाचं आहे, असं हिंदूंपैकी ६७ टक्के आणि मुसलमानांपैकी ८० टक्के म्हणाले. म्हणजे शेजार चालतो, सण चालतो, धंदा चालतो, सोयरीक नको. 'विविधतेत एकता' हे वाक्य शाळेच्या भिंतीवर असतं, ते शेजारापुरतं शंभर टक्के खरं आहे.

आतापर्यंत बोललो ते लोक स्वतः ओढतात त्या रेषांबद्दल. काही रेषा मात्र सरकारनं ओढलेल्या असतात, आणि त्या जास्त टिकतात. १८१८ ला इंग्रजांनी खान्देश घेतला, तेव्हा सातपुड्यातले भिल्ल नाईक त्यांना जुमानत नव्हते. मग १८२५ ला जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. भिल्लांना वर्दी दिली आणि त्यांच्याकरवीच भिल्लांना आवरलं. १८५७-५८ ला खाज्या नाईक उठले, एप्रिल १८५८ ला अंबापाणीला मोठी लढाई झाली. पुढे १८७१ च्या कायद्यानं देशात ठिकठिकाणच्या जमातींवर जन्मानं गुन्हेगार असल्याचा शिक्का मारण्याची सोय झाली, तो कायदा १९५२ पर्यंत टिकला. वर्दीत असला की इमानी, वर्दीबाहेर असला की दरोडेखोर, अशी त्याच माणसाची दोन चित्रं साहेबांच्या दप्तरात आहेत. आजचा अभ्यासक जुनी कागदपत्रं वाचताना म्हणून विचारतो, की 'भिल्ल असे असतात' हे वाक्य भिल्लाचं की फौजदाराचं?

स्वातंत्र्याच्या तोंडावर हाच वाद विद्वानांतही रंगला. गो. स. घुर्ये म्हणत, आदिवासी म्हणजे मागासलेले हिंदूच, त्यांना वेगळं काढू नका. व्हेरिअर एल्विन म्हणत, त्यांना त्यांच्या जगण्यासकट जपा. दोघांपैकी कुणीही सातपुड्यातल्या माणसाला 'तुला काय वाटतं?' असं विचारून वाद मिटवला नाही.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल, तर जात पडताळणी समितीच्या दारात उभ्या असलेल्या पोरांशी बोला. संशोधनातला एक प्रश्न सरकारी परीक्षा कसा झाला, त्याची ही गोष्ट आहे आणि खान्देशात ती घराघरांत माहीत आहे. १९९४ साली माधुरी पाटील यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जमातीच्या दाखल्याची छाननी कशी करावी, हे घालून दिलं. खोटे दाखले काढून खऱ्या आदिवासींच्या जागा लाटल्या जात होत्या, तेव्हा छाननी हवीच होती. त्या छाननीत एक भाग आला तो आप्तभाव चाचणीचा. दक्षता पथक घरी जातं, शाळेतल्या नोंदी बघतं आणि विचारतं, तुमचे देव कोणते, लग्न कसं लागतं, मयत कसं करता, रूढी काय.

आता समजा, धुळ्यात वाढलेला मुलगा. वडील एसटीत, आई अंगणवाडीत, घरात टीव्हीवरच्या मराठीशिवाय काही बोललं जात नाही. त्याला वैद्यकीयच्या प्रवेशासाठी वैधता प्रमाणपत्र हवंय. त्याला विचारलं जातं, लग्नात तुमच्याकडे अमुक विधी कोण करतं? त्यानं लग्नं पाहिलीत ती मंगल कार्यालयातली, डीजे लावलेली. उत्तर चुकलं तर जमात संशयात. आणि सगळी उत्तरं तोंडपाठ करून आलेला, पुस्तक वाचून तयार झालेला उमेदवार मात्र पास. म्हणजे बार्थ यांनी १९६९ ला जी यादी सोडायला सांगितली होती, तीच यादी इथं कायद्याच्या हातात आली. यादीतल्या वस्तू बदलतात, हे समितीला कोण सांगणार?

शेवटी न्यायालयानंच सांगितलं. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, ठाकूर जमातीच्या संघटनेच्या अपिलावर, सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी म्हटलं की आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे. स्थलांतर, शहरीकरण, बाहेरच्या समाजाशी आलेला संपर्क यांमुळे जुन्या खुणा पुसल्या जाऊ शकतात. घटनेच्या आधीच्या कागदपत्रांना जास्त वजन द्यावं. समाजशास्त्राच्या वर्गात जे वर्षानुवर्षं शिकवलं जात होतं, ते निकालपत्रात यायला एवढा वेळ लागला. अर्थात खापरपणजोबाच्या शाळेचा दाखला आणायचा कुठून, हा प्रश्न डोंगरातल्या माणसापुढे आहेच. ज्यांच्या पाड्यावर शाळाच नव्हती, त्यांच्याकडे घटनेआधीचा कागद असणार कसा?

तडव्यांची गोष्ट याहून वेगळी. तडवी भिल्ल धर्मानं मुसलमान आहेत आणि अनुसूचित जमातीच्या यादीतही आहेत. अनुसूचित जातींच्या यादीला धर्माची अट आहे, जमातींच्या यादीला नाही, म्हणून हे जमतं. पण सर्वेक्षण करणाऱ्याच्या फॉर्मवर 'समाज' असा एकच रकाना असेल तर तो काय लिहील? मुस्लिम लिहिलं तर आदिवासी गळतो, आदिवासी लिहिलं तर मुस्लिम. मोठ्या पाहण्यांत असे लोक बहुधा 'इतर'मध्ये जातात. आणि खरं म्हणजे एका माणसात दोन-तीन ओळखी कशा नांदतात हेच शोधायचं असेल, तर सुरुवात या 'इतर'पासूनच करायला हवी.

आता जनगणना. एखाद्या समाजाचा आकडा म्हणजे त्याचं वास्तव, असा आपला समज असतो. खान्देशी बोलणाऱ्यांचे आकडे बघा, जनगणनेत अहिराणी याच नावाखाली येते. १९९१ ला ९ लाख ७४ हजार. २००१ ला २० लाख ७५ हजार. २०११ ला १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत दुप्पट आणि पुढच्या दहा वर्षांत घट. पोरं जन्माला येऊन भाषा अशी वाढत नाही आणि माणसं मरून अशी घटत नाही. बदललं ते उत्तर, किंवा उत्तराची वर्गवारी. २०११ ला तीन जिल्ह्यांची लोकसंख्या ७९ लाखांच्या आसपास होती, आणि या साडेअठरा लाखांत गुजरातेतले बोलणारेही आले. म्हणजे घरात अहिराणी बोलून कागदावर 'मराठी' सांगणारे किती असतील, याचा अंदाज ज्याचा त्यानं बांधावा.

यात सरकारी वर्गवारीचाही हात असतो. २०११ ला देशभरातून मातृभाषेची १९,५६९ वेगवेगळी नावं आली. छाननी करून ती १,३६९ मातृभाषांवर आणली आणि मग १२१ भाषांच्या शीर्षकांखाली बसवली. पावरी, मावची, तडवी ही सगळी 'भिली' या शीर्षकाखाली जातात. त्या शीर्षकाचा आकडा २०११ ला १ कोटी ४ लाख होता. तरी भिली घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे घटनेतल्या भाषांच्या यादीत, नाही, आणि २४,८२१ जणांनी मातृभाषा सांगितलेली संस्कृत आहे. संस्कृतचा मान कुणी नाकारत नाही, पण अनुसूचीत जागा डोकी मोजून मिळत नाही एवढं यातून कळतं.

अहिराणीला कुठं बसवायचं, हा घोळही जुनाच. ग्रिअर्सन या इंग्रजी अमदानीतल्या अधिकाऱ्यानं केलेल्या भारताच्या भाषिक सर्वेक्षणात, १९०७ च्या खंडात, खान्देशी भिल्ल भाषांबरोबर छापली गेली, मराठीच्या खंडात नाही. नमुने कसे गोळा केले, तर बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट घेऊन, ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांकडून तिचं स्थानिक बोलीत रूपांतर मागवून. आज अहिराणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, यावर खान्देशातच दोन तट आहेत. भाषाशास्त्र याचा निकाल लावेल अशी वाट बघू नका, कारण व्याकरणाच्या पुराव्यावर दोन्ही बाजू उभ्या राहू शकतात. निर्णय बोलणाऱ्यांच्या मनाचा असतो.

आणि मन घडतं शाळेत. बहिणाबाई चौधरींची गाणी लेवा गणबोलीतली. त्या असोद्याच्या, शाळा न पाहिलेल्या. १९५१ ला त्या गेल्या, १९५२ ला गाणी छापून आली आणि अवघ्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, पाठ्यपुस्तकात त्यांच्या कविता आहेत. पण त्याच तासाला एखाद्या पोरानं त्याच बोलीत उत्तर दिलं, तर 'शुद्ध बोल' म्हणून त्याला खाली बसवणारे मास्तर आजही भेटतात. पुस्तकातली बोली महाराष्ट्राचं वैभव आणि पोराच्या तोंडची बोली गावंढळ. उपसंस्कृती मोठ्या संस्कृतीत कशी सामावली जाते, यावर कितीही जाड ग्रंथ वाचा, हा एक तास पाहिल्यावर बराचसा उलगडा होतो. असं पोर मोठं झाल्यावर जनगणनेला दारी आलेल्या प्रगणकाला 'मराठी' सांगतं, यात नवल नाही.

पुढच्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. संदर्भ दिनांक १ मार्च २०२७, आणि या खेपेला जातही नोंदवली जाणार आहे. जातीच्या रकान्यावर सगळीकडे चर्चा आहे, मातृभाषेच्या रकान्यावर जवळपास नाही. तेव्हा व्यवहाराचं तेवढं सांगतो. जनगणनेच्या लेखी मातृभाषा म्हणजे माणसाच्या बालपणी त्याची आई त्याच्याशी जी बोलली ती. शाळेत शिकलेली नव्हे, दुकानाच्या पाटीवरची नव्हे. आई तान्हेपणीच गेली असेल तर घरात मुख्यतः बोलली जाणारी. २०११ च्या अर्जात मातृभाषेशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषांसाठीही जागा होती, म्हणजे अहिराणी लिहून खाली मराठी आणि हिंदी लिहिता येत होतं, काही कापलं जात नव्हतं. प्रगणक बहुधा गावातलेच शिक्षक असतात. न विचारता 'मराठी' टाकून पुढे सरकायची त्यांना घाई असते, कारण अख्खी आळी उरकायची असते. त्यांनी काय लिहिलं, ते दारातच विचारून घ्यावं.